सीडी४ ६१२ वरून ४८८ : औषध लागू पडेनासं झालंय का?

निनावी_०९ | १२ ऑगस्ट, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं आहे, पाककृतींच्या धाग्यांवर तुमच्यापैकी अनेकांशी बोललेही आहे. पण हे नेहमीच्या नावाने लिहायची छाती होत नाही, म्हणून डुआयडी. ॲडमिन, कृपया धागा उडवू नका. आणि कोणी ओळखलंच तर मनात ठेवा.

२००८ साली माझे मिस्टर गेले. सगळे टीबी टीबी म्हणत होते, मुळात एचआयव्ही होता ते शेवटच्या पंधरवड्यात कळलं. मग माझी तपासणी झाली, पॉझिटिव्ह. मुलगा तीन वर्षांचा होता, तो निगेटिव्ह निघाला. मार्च २००९ मध्ये माझी एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) सुरू झाली तेव्हा सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, १४३ होता. तेव्हापासून प्रत्येक आकडा मी वहीत मागच्या पानावर लिहिलाय, दुधाच्या हिशेबाशेजारी. २८७, ४०१, ५३०, मध्येच ४९८, मग ५७५. मागच्या वर्षी ६१२. एवढा कधीच आला नव्हता. त्या दिवशी मी येताना पेढे घेऊन आले होते, मुलाला सांगितलं प्रमोशन झालं म्हणून.

यंदा जानेवारीत एआरटी सेंटरवर म्हणाले, ताई, आता तुमचं सीडी४ करायची गरज नाही, वर्षातून एकदा व्हायरल लोड बस. व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते) चांगला आला, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही, असं लिहिलं होतं. पण माझा जीव त्या जुन्या आकड्यात अडकलेला. गेल्या आठवड्यात न राहवून खासगी लॅबमध्ये १५०० रुपये भरून सीडी४ करून आले. ४८८! सव्वाशेने कमी. चार दिवस झोप नाही. गोळ्या एकही दिवस चुकवलेल्या नाहीत. औषध लागू पडेनासं झालं असेल का? पंधरा-सोळा वर्षांनी असं होतं का?

पिपेट | १२ ऑगस्ट, रात्री ११:३०

ताई, आधी झोपा. मग सकाळी दोन्ही रिपोर्ट समोर घ्या आणि मला एवढंच सांगा: ४८८ च्या खाली किंवा बाजूला 'सीडी४ टक्के' असा आकडा छापलाय का? आणि जुन्या ६१२ च्या कागदावर? रक्त किती वाजता दिलं आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सर्दी, जुलाब काही झालं होतं का?

(मी निवृत्त लॅब टेक्निशियन. हे सीडी४ चं मशीन बारा वर्षं चालवलंय.)

चहाबाज | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

निनावीताई, तुमच्या हिमतीला सलाम. अडाणी प्रश्न विचारतो, रागावू नका. रोग विषाणूचा, तर मग पहिल्यापासून थेट विषाणूच का मोजला नाही? या सीडी४ ची भानगड मधेच कुठून आली?

पिपेट | १३ ऑगस्ट, सकाळी ९:०५

चहाबाज, प्रश्न अडाणी अजिबात नाही, इतिहासच तसा आहे.

१९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली तेव्हा विषाणूचं नावही कोणाला माहीत नव्हतं. तो सापडला १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. पण या लोकांच्या रक्तात एका ठरावीक जातीच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात हे डॉक्टरांना त्याआधीच दिसलं होतं. या म्हणजे मदतनीस टी पेशी. त्यांच्या अंगावर सीडी४ नावाचं प्रथिन असतं आणि एचआयव्ही नेमका त्यालाच चिकटून आत शिरतो. म्हणजे चोर दिसायच्या आधी फुटलेली कुलपं मोजायला सुरुवात झाली. रक्तातला विषाणू मोजायची भरवशाची चाचणी यायला १९९० चं दशक अर्धं सरलं, आणि ती आपल्याकडे सगळ्यांना मोफत मिळायला २०१८ उजाडलं. तोवर आपला सगळा कारभार सीडी४ वर.

निरोगी माणसात एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. २०० च्या खाली गेलं की एड्सची पायरी. त्या काळी गोळ्या कोणाला द्यायच्या हेसुद्धा हाच आकडा ठरवायचा.

आपल्याकडे मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, पहिल्या आठ दवाखान्यांत मुंबईचं जे. जे. होतं. तेव्हा गोळ्यांची लक्ष्मणरेषा २०० ची. मला एक माणूस अजून दिसतो. गवंडीकाम करायचा. त्याचा सीडी४ ३१२ आला आणि बाकी तब्येत ठणठणीत, म्हणून "सहा महिन्यांनी या" सांगून परत पाठवला. तो रिपोर्ट माझ्या सहीने गेला होता. सहा महिन्यांनी तो आला नाही. पुढे ही रेषा ३५० झाली, मग ५००, आणि २०१७ पासून रेषाच पुसली: तपासणी पॉझिटिव्ह, की गोळ्या सुरू, सीडी४ कितीही असो.

निनावी_०९ | १३ ऑगस्ट, सकाळी ११:४८

पिपेटकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), दोन्ही कागद सापडले. जुना: ६१२, टक्के २९. नवा: ४८८, टक्के ३०. मागच्या वेळी सेंटरवर रक्त बहुतेक साडेदहाला घेतलं होतं. यावेळी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून गेले, एक वाजून गेला होता. आणि हो, जुलैअखेर मला तीन दिवस ताप होता. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच झाला होता.

पिपेट | १३ ऑगस्ट, दुपारी १२:२०

काका म्हणा, आजोबाही चालेल.

ताई, तुमचा टक्का कमी झालेलाच नाही, उलट एकने वाढलाय. हा टक्का म्हणजे शंभर लिम्फोसाइट पेशींमागे (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) सीडी४ किती. आता उलटा हिशेब करा. ६१२ म्हणजे २९ टक्के, तर त्या दिवशी एकूण लिम्फोसाइट साधारण २११०. ४८८ म्हणजे ३० टक्के, तर एकूण १६२७. कमी झालेत ते सगळेच लिम्फोसाइट, सरसकट. एचआयव्ही जोर करतो तेव्हा तो सीडी४ वेचून खातो, त्यामुळे टक्काही पडतो. तुमच्यात वाटणी आहे तशीच आहे, पातेल्यात एकूण आमटीच थोडी कमी होती. ताप येऊन गेला की हे होतंच. आणि या पेशींची रक्तातली भरती-ओहोटी रोजची: दुपारच्या सुमाराला कमी, संध्याकाळनंतर जास्त. तुम्ही नेमक्या ओहोटीला गेलात.

त्यात यंत्र वेगळं. हे जरा सविस्तर सांगतो, माझा आवडता विषय आहे.

मी चालवायचो त्या यंत्रासोबत तयार नळ्या यायच्या. त्यात रंग लावलेली प्रतिपिंडं असायची, जी फक्त ठरावीक पेशींनाच चिकटतात, आणि त्याच नळीत मोजून टाकलेले सूक्ष्म मणी. ५० मायक्रोलिटर रक्त घालायचं, तासभर अंधारात ठेवायचं, मग यंत्रात. आत पेशी एकामागोमाग एक लेसरपुढून जातात आणि रंगाप्रमाणे चमकतात. मणी कशाला? समजा खळ्यावर ज्वारीचा ढीग आहे आणि दाणे किती ते हवंय. तुम्ही त्यात मोजून हजार हरभरे टाकले, ढीग नीट कालवला आणि एक ओंजळ उचलली. ओंजळीत ज्वारी किती आणि हरभरे किती यावरून अख्ख्या ढिगाचा अंदाज बांधता येतो. हरभरे म्हणजे ते मणी.

काही लॅबमध्ये मात्र मणी नसतात. तिथे यंत्र फक्त टक्का देतं, आणि लिम्फोसाइटचा आकडा साध्या सीबीसीच्या यंत्रावरून घेऊन गुणाकार करतात. दोन यंत्रं, दोघांच्या चुका, त्यांचा गुणाकार. म्हणून एका लॅबच्या आकड्यातून दुसऱ्या लॅबचा आकडा वजा करू नये. पिपेटमध्ये बुडबुडा राहिला तरी आकडा ढळतो हो! हात बसायला मला स्वतःला चार महिने लागले होते.

साधारण नियम असा की सीडी४ मध्ये ३० टक्क्यांच्या आतला फरक हा फरकच धरायचा नाही. सीडी४ टक्क्यात तीन अंकांच्या आतला नाही. तुमचा फरक २० टक्के आणि एक अंक, तोही वर.

नवा_गडी | १३ ऑगस्ट, रात्री ९:१०

हा धागा आज सापडला आणि अंगावर काटा आला. मी २७ वर्षांचा, पुण्यात नोकरी. जूनमध्ये कळलं. घरी कोणाला माहीत नाही. माझा पहिलाच सीडी४ ७३४. म्हणजे वरच्या हिशेबाने मी निरोगीच की. मग गोळी आत्तापासून जन्मभर कशाला? आकडा ३५० पर्यंत खाली आला की सुरू करू, असं डोक्यात येतं. सध्या घेतोय, पण मनापासून नाही.

कडूकाढा | १४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मी फिजिशियन आहे, या रुग्णांसोबत बरीच वर्षं काढलीत. नवा_गडी, तू म्हणतोस तो प्रयोग होऊन गेलाय रे बाबा, दोनदा.

पहिला 'स्मार्ट'. साडेपाच हजारांच्या आसपास लोक होते. अर्ध्यांना गोळ्या अखंड. उरलेल्यांचा सीडी४ ३५० च्या वर असला की गोळ्या बंद, २५० च्या खाली आला की परत सुरू. कल्पना अशी की औषधाचे दुष्परिणाम वाचतील. २००६ च्या जानेवारीत तो मधेच थांबवावा लागला, कारण गोळ्या सोडणाऱ्या गटात मृत्यू जास्त होते. आणि नुसते एड्सचे नाहीत, हृदय, किडनी, लिव्हरचेही. सीडी४ चा आकडा चांगला दिसत असतानाही आतमध्ये विषाणूमुळे शरीर सतत तापलेलं असतं, ते या चाचणीत दिसत नाही.

दुसरा 'स्टार्ट', ३५ देशांत ४६८५ लोक, सगळ्यांचा सीडी४ ५०० च्या वर. म्हणजे अगदी तुझ्यासारखे. अर्ध्यांना लगेच गोळ्या, अर्ध्यांना ३५० पर्यंत थांबवलं. २०१५ मध्ये निकाल आला: लगेच सुरू करणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, आकडा न बघता सगळ्यांना औषध द्या.

तुझा ७३४ ही चांगली बातमी आहे, लवकर सापडलास एवढाच तिचा अर्थ. गोळी न घेण्याचा तो परवाना नाही.

निनावीताई, पिपेटरावांनी जे सांगितलं त्यात माझ्याकडून बदल नाही. औषध काम करतंय का हे व्हायरल लोड सांगतो, तो तुमचा जानेवारीत दबलेला आहे. औषध निकामी होऊ लागतं तेव्हा आधी विषाणू वाढतो, सीडी४ त्यानंतर काही महिन्यांनी उतरतो. सीडी४ बघून औषधाची परीक्षा करायची म्हणजे निकाल लागून गेल्यावर पेपर कसा गेला ते विचारायचं. आणि आजारी नसताना स्वतःहून खासगी लॅबमध्ये जाऊ नका. १५०० रुपयांत चार दिवसांची झोप गेली, सौदा वाईट झाला.

निसर्गोपचार_प्रेमी | १४ ऑगस्ट, सकाळी १०:०२

ॲलोपॅथीवाले आकड्यांतच अडकतात. ताई, गुळवेलीचा काढा आणि पपईच्या पानांचा रस एकवीस दिवस घ्या. माझ्या परिचितांचा सीडी४ २०० ने वाढला. गोळ्यांची गरज हळूहळू कमी होते.

कडूकाढा | १४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

शेवटचं वाक्य लिहून तुम्ही कोणाचा तरी जीव घालवाल. ॲडमिनना कळवतो आहे.

पण या निमित्ताने एक सांगायलाच हवं. नुसता सीडी४ वाढवून पाहायचा उद्योगही झालेला आहे, आणि काढ्याने नाही, इंटरल्युकिन-२ नावाच्या इंजेक्शनने. शरीरातच बनणारं हे रसायन टी पेशींची संख्या वाढवतं. 'एस्प्रिट' या चाचणीत चार हजारांहून जास्त लोक होते. इंजेक्शनवाल्यांचा सीडी४ सरासरी १६० ने जास्त राहिला. सगळे खूश. मग २००९ मध्ये निकाल आला: आजारपण आणि मृत्यू दोन्ही गटांत सारखेच. आकडा वाढला, माणसाच्या पदरात काही नाही. तेव्हा तुमच्या परिचितांचा २०० ने वाढला असेलही. त्यांनी रक्त दुपारी दिलं होतं की संध्याकाळी, एवढं विचारा.

माणगंगाकाठ | १४ ऑगस्ट, रात्री ११:५५

हे सगळं वाचून लिहू की नको करत होतो. तुम्ही लोक ४८८ ला घाबरता. माझ्या थोरल्या भावाचा ३८ होता. अडतीस.

भाऊ ट्रकवर होता. सहा वर्षांपूर्वी गावी आला तो भिंत धरून चालत. तोंडात पांढरा बुरा, खोकला, वजन ४१ किलो. टीबी निघाला, मग ही तपासणी. मला वाटलं आजच एआरटी चालू करतील. डॉक्टर म्हणाले, आधी टीबीच्या गोळ्या, दोन आठवडे थांबा. मी भांडलो होतो त्यांच्याशी, आज वाईट वाटतं. त्याच दिवशी रक्तात कसली तरी बुरशी आहे का तेही बघितलं, आणि सेप्ट्रानची गोळी रोज चालू केली.

एआरटी चालू झाली आणि तीन आठवड्यांत मानेला लिंबाएवढ्या गाठी आल्या, ताप १०३. आम्ही समजलो संपलं. डॉक्टर म्हणाले, उलट आहे, अंगात जीव येतोय म्हणून लढाई दिसतेय. तेव्हा पटलं नव्हतं.

आज भाऊ शेळ्या राखतो, वजन ६० च्या वर. व्हायरल लोड चार-पाच वर्षं दबलेला. पण सीडी४ २६० च्या पुढं जात नाही. २३०, २५५, २४१, २६०. दर सहा महिन्याला हाच खेळ. गोळी चुकत नाही, वहिनी मोबाइलचा गजर लावते. मग आकडा का वाढत नाही? आणि ताईचं सीडी४ बंद केलं, आमचं का चालू ठेवलंय?

कडूकाढा | १५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

माणगंगाकाठ, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे. वरचं वाचून कोणाला वाटेल की सीडी४ आता भंगारात काढायची चाचणी. तसं नाही. तुमच्या भावाला तिनेच वाचवलं.

३८ हा आकडा दिसला म्हणून डॉक्टरांना पुढे काय काय शोधायचं ते कळलं. टीबी कुठल्याही सीडी४ ला होतो. पण २०० च्या खाली तो खास न्यूमोनिया होऊ शकतो, सेप्ट्रान त्यासाठी. १०० च्या खाली मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि क्रिप्टोकॉकस ही बुरशी. तुम्ही 'कसली तरी बुरशी' म्हणता ती हीच क्रिप्टोकॉकस, डोकेदुखी सुरू व्हायच्या आधी रक्तात सापडते. ५० च्या खाली सीएमव्ही विषाणूचा डोळ्याच्या पडद्याचा आजार, त्यात नजर जाते. व्हायरल लोड यातलं काहीच सांगत नाही. विषाणू लाखात आहे एवढं सांगेल, पण घराचं छप्पर किती उरलंय ते सांगणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी, आणि गोळ्या सोडून मधेच गायब झालेला माणूस परत आला की त्या दिवशी, सीडी४ झालाच पाहिजे. व्हायरल लोड आला म्हणून काही ठिकाणी याची टाळाटाळ होते, ते मला अजिबात पटत नाही.

गाठींचं म्हणाल तर प्रतिकारशक्ती जागी होते आणि लपलेल्या टीबीवर तुटून पडते, त्याची ती सूज. टीबीच्या गोळ्या आधी दिल्या त्या हे कमी व्हावं म्हणूनही. आणि सीडी४ ५० च्या खाली असला की एआरटीला दोन आठवड्यांपेक्षा जास्त उशीरही परवडत नाही. तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर तारेवरून नेलं.

आता २६०. फार उशिरा उपचार सुरू झालेल्या काही लोकांत विषाणू दबतो पण पेशी तेवढ्या भरून येत नाहीत. नव्या टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथी वयाने आक्रसते, लसिका गाठींमध्ये व्रण होऊन पेशींची राहायची जागाच कमी होते. औषध बदलून तो वाढत नाही, म्हणून कोणी 'जास्त भारी' गोळी सुचवली तर नको म्हणा. विषाणू दबलेला असेल तर २६० वरही माणूस नीट जगतो. पण लक्ष जास्त ठेवावं लागतं, म्हणून तुमचं चालू. ताईंचा ३५० च्या वर आणि विषाणूही दबलेला, म्हणून त्यांचा बंद.

माणगंगाकाठ | १५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

आमच्या भाषेत सांगायचं तर व्हायरल लोड म्हणजे जमिनीत हुमणी किती, आणि सीडी४ म्हणजे उभा ऊस किती. हुमणी मेली तरी खाल्लेला ऊस लगेच उभा राहत नाही. समजलं डॉक्टर. वहिनीला वाचून दाखवतो.

पिपेट | १५ ऑगस्ट, सकाळी ८:४०

माणगंगाकाठ, +१००. बारा वर्षांत मला हे एवढ्या थोडक्यात सांगता आलं नाही.

चहाबाज | १५ ऑगस्ट, दुपारी १:००

एक खोडसाळ प्रश्न. सीडी४ बंद करणं ही सरकारची पैसे वाचवायची युक्ती तर नाही?

टेम्सकाठी | १५ ऑगस्ट, दुपारी ४:२५

चहाबाज, मी लंडनमध्ये याच क्षेत्रात नर्स आहे. इथेही सीडी४ ३५० च्या वर टिकून असेल आणि विषाणू दबलेला असेल तर नेहमीची सीडी४ तपासणी थांबवतात. माझे जुने पेशंट ऐकतच नाहीत. "माझा आकडा काय?" म्हणून भांडतात. ज्यांनी १९९० च्या दशकात मित्र गमावलेत त्यांना तो आकडा म्हणजे श्वास आहे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण पुन्हा तेच सांगते: पाहून आपण काही वेगळं करणार नसू तर पाहायचं कशाला?

कडूकाढा | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

पैसे वाचतात हे खरंच आहे, खोटं कशाला बोलू. ते वाचलेले पैसे व्हायरल लोडवर गेले तर मला आनंदच.

नवा_गडी | १५ ऑगस्ट, रात्री १०:३०

डॉक्टर, धन्यवाद. कालपासून गोळी मनापासून. अजून एक. लग्नाचं घरचे मागे लागलेत. माझा व्हायरल लोड दबला तर समोरच्या व्यक्तीला होईल की नाही? नेटवर दोन्ही वाचलं.

कडूकाढा | १६ ऑगस्ट, सकाळी ७:०५

यात पुण्याचा वाटा आहे, म्हणून अभिमानाने सांगतो. 'एचपीटीएन ०५२' नावाचा अभ्यास नऊ देशांत १७६३ जोडप्यांवर झाला, एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. त्यात भोसरीची 'नारी' ही एड्स संशोधन संस्था होती आणि चेन्नईचं केंद्रही. २०११ मध्ये निकाल आला: लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला संसर्ग होणं ९६ टक्क्यांनी घटलं. पुढे युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासांत तर विषाणू दबलेल्या माणसाकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. दिसत नाही म्हणजे लागत नाही. शरीरसंबंधाबद्दल बोलतोय, सुईबद्दल नाही.

मात्र इथे सीडी४ चा काही उपयोग नाही. तुझा ९०० असला आणि व्हायरल लोड ५० हजार, तर लागण होऊ शकते. सहा महिन्यांनी पहिला व्हायरल लोड होईल तो बघ. आणि 'दिसत नाही' म्हणजे 'गेला' नव्हे. काही सीडी४ पेशींत तो झोपून राहतो, गोळ्या सोडल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच परत उठतो. लग्नाआधी मुलीला सांगायचं, हे मात्र कुठल्याच रिपोर्टवर अवलंबून नाही. सेंटरवरच्या समुपदेशकाची मदत घे, कसं सांगायचं तेही ते शिकवतात.

निनावी_०९ | १६ ऑगस्ट, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. परवा सेंटरवर जाऊन आले. डॉक्टरांना कागद दाखवला. त्यांनी टक्का बघितला आणि पिपेटकाकांचंच वाक्य बोलल्या, जवळजवळ शब्दशः. थोड्या ओरडल्याही.

एक राहिलं सांगायचं. त्या खासगी लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलाने दहा माणसांसमोर मोठ्याने विचारलं, "सीडी४ कोणाचं?" मी उठलेच नाही. सगळे गेल्यावर कागद घेतला.

पिपेट | १६ ऑगस्ट, रात्री ९:५०

हे वाचून माझंच डोकं फिरलं. ताई, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. लॅबच्या मालकाला लेखी कळवा. तुम्हाला नको असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा, पुढे काय करायचं ते मराठीत सांगतात. आमच्या लॅबमध्ये आम्ही नाव नाही, नंबर पुकारायचो, आणि चाचणीचं नाव तर कधीच नाही. यासाठी कायद्याची गरज पडू नये, पण पडते.

निनावी_०९ | २१ जानेवारी, रात्री ८:३५

धागा वर काढतेय. व्हायरल लोडचा रिपोर्ट आज मिळाला. टार्गेट नॉट डिटेक्टेड. सीडी४ केला नाही, खासगीतही नाही. लॅबला पत्र पाठवलं होतं, उत्तर आलं नाही. नवा_गडी, तुझं काय झालं?

नवा_गडी | २१ जानेवारी, रात्री ९:०२

ताई, डिसेंबरमध्ये झाला. माझाही दिसत नाही! आईला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं, गोळी जेवणाआधी की नंतर.

पिपेट | २१ जानेवारी, रात्री ९:१५

कधीही चालते, पण वेळ एकच ठेव. आईला सांग.